बाबांचं वायरलेस

बेसमेंट आवरण्याचं काम आमच्याकडे दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत निघतं आणि दर वर्षी अर्ध्यावर राहतं. या वेळी ते ज्या खोक्यापाशी अडलं, त्या खोक्यात एक काळा, जाडजूड लॅपटॉप होता. आमच्या चिरंजीवांनी तो दोन्ही हातांनी उचलला, "आई, केवढा जड आहे हा! ई-वेस्टमध्ये टाकायचा ना?" असं विचारलं आणि माझं उत्तर यायच्या आत टाकायच्या ढिगावर ठेवलासुद्धा. मी तो ढिगावरून उचलला, स्वेटशर्टच्या बाहीने पुसला आणि वर स्वयंपाकघरात घेऊन आले. नवरा म्हणाला, "झालं! आता आवरणं पुढच्या वर्षी."

त्या लॅपटॉपची ही गोष्ट. तिच्यात थोडं इंजिनिअरिंग आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी तेवढे परिच्छेद खुशाल ओलांडावेत. पण शक्यतो ओलांडू नका, कारण या गोष्टीतले माझे बाबा त्या परिच्छेदांतच भेटतात.

मी २००२ साली एम. एस. करायला मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात आले. पहिलं वर्ष लॅबमधल्या कॉम्प्युटरसाठी रांगा लावण्यात गेलं. २००३ च्या उन्हाळ्यात असिस्टंटशिपमधून साठवलेल्या पैशांनी हा लॅपटॉप घेतला. त्या काळात लॅपटॉपच्या पोटात वायरलेस असणं ही नवी चैन होती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये इंटेलने सेंट्रिनो या नावाने प्रोसेसर, चिपसेट आणि वायरलेस कार्ड असा एकत्र संच बाजारात आणला होता आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन कुठेही बसलेल्या माणसांच्या जाहिराती जिकडेतिकडे दिसत होत्या. माझ्या मॉडेलला मात्र ते कार्ड हवं असेल तर वेगळे पैसे पडत. मी सवयीने डॉलरला सेहेचाळीसने गुणलं, छातीत धस्स झालं, आणि कार्डाच्या रकान्यावर फुली मारली. तो लॅपटॉप बिनावायरलेसचा घरी आला.

पुढे नोकरी लागली, न्यू जर्सीत आलो, कंपनीने नवा लॅपटॉप दिला. २००६ साली साताऱ्याला गेले तेव्हा हा जुना आईबाबांकडे ठेवून आले.

आता बाबांविषयी सांगायला हवं. 'वायरलेस' हा शब्द मी अमेरिकेत शिकले नाही. तो आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून होता. बाबा पोलीस खात्याच्या बिनतारी विभागात ऑपरेटर होते. १९६४ ला लागले, २००१ ला रिटायर झाले. "बाबा कुठे गेले?" या प्रश्नाला आई "वायरलेसला" असं उत्तर द्यायची, जसं कुणी "बँकेत" किंवा "शेतावर" म्हणावं. कानाला हेडफोन, समोर सेट, हातात पेन्सिल. मोर्सचं कट्ट-कड-कट्ट त्यांच्या बोटांत इतकं मुरलं होतं की जेवायला उशीर झाला की ते ताटाच्या कडेवर काहीतरी वाजवायचे. आईला ते कळायचं नाही, पण अर्थ कळायचा.

असा आयुष्यभर संदेश पोचवण्याची नोकरी केलेला माणूस, पण फोनवर अगदी मुका! तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असा एक बाप असेल. मी दर रविवारी फोन करायची. बाबा उचलायचे. "हं. बरी आहेस ना? घे, आईशी बोल." संपलं! डॉलर खर्चून मी ही एवढी वाक्यं ऐकायची. फोन बाहेरच्या खोलीत. तिथे शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आलेल्या, कुणीतरी पेपर वाचत बसलेलं, पलीकडे टीव्ही. आई त्या सगळ्यांसकट माझ्याशी बोलायची आणि बाबा खुर्चीत बसून ऐकायचे. मला वाटायचं, मी इकडे राहिले याचा राग असेल. विचारायचं कसं? चारचौघांत विचारण्यासारखी गोष्ट नव्हती.

२००७ मध्ये घरी ब्रॉडबँड आलं. मोडेम टेलिफोनशेजारी तिपाईवर, लॅपटॉप त्याला वायरने बांधलेला. स्काइपवरून फुकट बोलता येऊ लागलं, पण बाहेरच्या खोलीतली मंडळी तीच! त्यात २००८ च्या सुरुवातीला बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना आतल्या खोलीतल्या पलंगावरून उठणं अवघड झालं. इकडून जाणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर मी लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत घालायचं वायरलेस कार्ड पाठवलं. मोडेम वायफायचा होताच. कार्ड चाललं, पण त्याचं दीड-दोन बोटं नाक बाहेर राहायचं. एके रात्री ते मच्छरदाणीत अडकलं, बाबांनी मच्छरदाणी ओढली, आणि कार्ड तर मोडलंच, खाचेतल्या पिनाही वाकल्या. यूएसबीमध्ये खोचायचं यंत्र मिळत होतं, पण नाक बाहेर ते बाहेरच, आणि मच्छरदाणी काही जाणार नव्हती. मी ठरवलं, डिसेंबरच्या सुट्टीत जायचंच आहे, तर कार्ड लॅपटॉपच्या आतच बसवायचं. २००३ साली वाचवलेले पैसे असे पाच वर्षांनी खर्चायचे होते.

आता थोडं यंत्राबद्दल. त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपच्या आत मिनी पीसीआय नावाची एक छोटी खाच असे. वायरलेस कार्ड तिच्यात बसायचं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, बिस्किटासारखं चपटं. गंमत अशी, की अनेक मॉडेलांत कंपनीने कार्ड घातलेलं नसलं तरी एरियल मात्र कारखान्यातच बसवलेली असायची. पडद्याच्या झाकणात, कडेने. तिथून दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली येत आणि जोडायला कार्ड नाही म्हणून टोकाला चिकटपट्टी लावून तशाच पडून राहत. माझ्या लॅपटॉपातही त्या होत्या. तीन वर्षं मी तो खांद्याला लावून हिंडवला, दोन खंड दाखवले, आणि आत एरियल घातलेली आहे याचा मला पत्ता नव्हता.

डिसेंबर २००८. साताऱ्याच्या घरात मी माजघरात सतरंजीवर बसले. बॅटरी आधी काढून ठेवली. अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून नळाला हात लावून आले, तेव्हा आईला वाटलं मी पूजेला बसत्येय. सात-आठ वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू निघाले. लांब स्क्रू चुकून आखूड जागी बसवला तर आतल्या पाटीला भोक पडतं, म्हणून ते वेगळे ठेवायला हवेत. आईने न बोलता मिसळणाचा जुना डबा आणून दिला. सात वाट्या, सात प्रकारचे स्क्रू. इतकी सोयीची वस्तू मी पुढे कुठल्याही लॅबमध्ये पाहिली नाही, आणि त्या स्क्रूंना लागलेला हळदीचा वास अजून जायचा आहे.

कीबोर्ड उचलला, मनगट टेकवायची पट्टी काढली, खाली रिकामी खाच दिसली. न्यू जर्सीहून आणलेलं स्वस्तातलं कार्ड बसवलं, सगळं बंद केलं, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ आली. तिचा मराठी अर्थ असा: "अनधिकृत कार्ड बसवलं आहे. यंत्र बंद करून ते काढा." पुढे काही नाही. यंत्र हटून बसलं.

त्या काळी काही कंपन्या यंत्राच्या मूळ प्रोग्राममध्ये चालणाऱ्या कार्डांची यादीच घालून ठेवत. कार्डाचा नंबर यादीत नसेल तर यंत्र सुरूच होत नसे. रेडिओ आणि एरियल यांची परवानगी मिळून एकत्र घेतलेली असते, असं कारण दिलं जाई. मी वैतागून अद्वातद्वा बोलत होते. बाबा पलंगावरून शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. विनापरवाना सेट लावायचाच नाही."

बाबांना परवान्यांचं फार होतं. ज्या काळात घरातल्या रेडिओलासुद्धा पोस्टातून लायसन्स काढावं लागे, त्या काळातला माणूस. मी त्यांना सांगितलं, की वायफायच्या लहरींना आता लायसन्स लागत नाही. अमेरिकेत १९८५ साली असे काही पट्टे सर्वांना मोकळे करण्याचा निर्णय झाला, आणि भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या जानेवारीत परवान्यातून मुक्त केला. बाबांनी एवढंच विचारलं, "म्हणजे लहर केवढी?" आणि मी उत्तर शोधायच्या आत स्वतःच तोंडी हिशेब केला. "तीनशेला मेगाहर्ट्झने भागायचं. तीनशे भागिले चोवीसशे. साडेबारा सेंटिमीटर. पाव लहरीची एरियल म्हणजे तीन सेंटिमीटर. झाकणात बसेल की!" मी मास्टर्स केलेली इंजिनिअर. हे गणित मी परीक्षेत केलं होतं, पण माझ्या लॅपटॉपची एरियल किती लांब असेल हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

कंपनीची दुरुस्तीची पुस्तिका इंटरनेटवरून उतरवली, तिच्यातले यादीतल्या कार्डांचे नंबर कागदावर लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची एस. टी. पकडून पुण्याला गेले. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सकाळपासून फिरले. नवं कार्ड कुणाकडे नव्हतं, "मॅडम, आता हे कोण घेतं?" हे मात्र सर्वांकडे होतं. शेवटी एकाने वरच्या मजल्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे पाठवलं. तिथे मेलेल्या लॅपटॉपांचा हा ढीग. त्या पोराने माझा कागद वाचला, ढिगातून एक उघडला, आतलं कार्ड काढून नंबर जुळवला आणि म्हणाला, "सहाशे." मी घासाघीस केली नाही. माझ्याकडे सुट्टीचे पाचच दिवस उरले होते.

हे कार्ड यंत्राने मुकाट्याने स्वीकारलं. बाहेरच्या खोलीत, मोडेमपासून हातभर अंतरावर, पाचही रेघा दिसल्या. मी विजयी मुद्रेने लॅपटॉप बाबांच्या पलंगावर नेऊन ठेवला आणि रेघा गेल्या. एकही नाही. आमचं घर जुनं, मधली भिंत दगडमातीची, दोन फूट जाड. मी लगेच निदान केलं. या लहरींना असल्या भिंती जड जातात, मोडेमची जागा बदलावी लागेल, कदाचित मधे आणखी एक यंत्र बसवावं लागेल.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बोसबाबूंनी १८९५ ला कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली. तुला एक माजघर पार करता येईना?" जगदीशचंद्र बोस हे बाबांचं दैवत. मी म्हटलं, "बाबा, ते वेगळं होतं." ते म्हणाले, "असेल. पण मला सांग, एरियल नीट जोडलीस का? सेट जवळचं ऐकतो आणि लांबचं ऐकत नाही, म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा एरियल सुटलेली असते."

मला थोडा रागच आला. तरी पुन्हा बॅटरी काढली, पुन्हा मिसळणाचा डबा, पुन्हा कीबोर्ड. आणि बघते तर काय, मुख्य एरियलची काळी वायर कार्डावर नुसती टेकलेली होती, बसलेली नव्हती! ही जोडणी फार नाजूक. ज्वारीच्या दाण्याएवढं गोल पितळी टोक, कार्डावर तेवढंच खुंटं. स्क्रू नाही, झाळणं नाही. ब्लाउजच्या टिचबटणासारखं सरळ वरून दाबायचं. तिरकं दाबलं तर वाकतं. माझी बोटं जाड नाहीत, पण घाई जाड होती.

बाबा म्हणाले, "आण इकडे." उशीला टेकून बसले, चष्म्यावर आणखी भिंग धरलं, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखाने ती वायर जागेवर आणून दाबली. टिच! मग करडी. टिच! पासष्ट वर्षांचे हात, पण कंप नाही. "आवाज यायला हवा," ते म्हणाले. "आवाज आला नाही तर बसली नाही."

पलंगावर तीन रेघा आल्या. बोलायला तेवढ्या पुष्कळ झाल्या.

अजून एक काम राहिलं होतं. बाबांनी विचारलं, "हे उघड्यावर जातं का? रस्त्यावरचा कोणी ऐकू शकेल?" मोडेमवर जुन्या पद्धतीचं कुलूप होतं, वेप नावाचं. त्यातल्या भेगा २००१ सालीच जगजाहीर झाल्या होत्या. मी ते काढून डब्ल्यूपीए२ लावलं आणि बाबांना परवलीचा शब्द निवडायला सांगितला. त्यांनी तो मला एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि मी टाइप केल्यावर चिठ्ठी फाडून टाकली. इथेही सांगत नाही.

मी परत आले. जानेवारी २००९, रविवार. आमची सकाळ साडेसात, त्यांची संध्याकाळ सहा. स्काइपची घंटा वाजली. बाबा! आजवर त्यांनी आपणहून मला कधी फोन केला नव्हता.

"ऐकू येतंय का? ओव्हर."

मला हसू फुटलं. लॅपटॉपला कॅमेरा नव्हता, पण मला सगळं दिसत होतं. पलंग, उशी, कानाला हेडफोन. खोलीचं दार लोटलेलं असावं, कारण टीव्हीचा आवाज नव्हता. आवाज पोचायला थोडा वेळ लागायचा, दोघं एकदम बोलायचो आणि अडखळायचो. बाबांच्या 'ओव्हर'ने तो प्रश्नही सुटला. आम्ही दोघं पाळीपाळीने, एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देऊन बोलू लागलो. मी एकदा बोलणं संपवताना सिनेमातल्यासारखं "ओव्हर अँड आऊट" म्हटलं, तर मास्तरांसारखे रागावले. "ओव्हर म्हणजे तुझ्या उत्तराची वाट बघतोय. आऊट म्हणजे बोलणं संपलं. दोन्ही एकदम कसं?" ते स्वतः शेवटी म्हणायचे, "बाकी पुढच्या रविवारी. ओव्हर."

तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्यांनी मला कोयनेबद्दल सांगितलं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला हे आमच्या जिल्ह्यात लहान पोरालाही माहीत असतं. सुमारे १८० माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. बाबा तिथे ड्यूटीवर गेले होते, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या दिवशी कळलं, की चोवीस वर्षांचे बाबा ट्रकमध्ये सेट आणि बॅटऱ्या घालून गेले, एरियल बांधायला उभी भिंत सापडेना म्हणून ती झाडाला बांधली, आणि त्या झाडाखाली बसून संदेश पाठवत राहिले. आधी तंबू, घोंगड्या, औषधं. मग नावं. नावं अक्षर अक्षर सुटं करून सांगावी लागत, चूक होऊ नये म्हणून. शेजारी एक माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या मुलीचं नाव यादीत होतं. त्याने बाबांना ते पुन्हा पाठवायला सांगितलं. नीट गेलं का, म्हणून. बाबांनी पुन्हा पाठवलं.

"तेव्हापासून असं झालं," बाबा म्हणाले, "की यंत्रावर मला कामाचं बोलता येतं, घरचं येत नाही. कुणाचं नाव घ्यायला गेलं की तो माणूस आठवतो. ओव्हर."

मला काय बोलावं सुचेना. मी विचारलं, "आईला सांगितलंत का कधी?"

"कंट्रोलला सगळे ऐकत असायचे. घरी बाहेरच्या खोलीत सगळे असतात. राहून गेलं."

मी इकडे राहिले याचा तो राग नव्हता तर! इतकी वर्षं मी स्वतःला चुकीचा संदेश वाचून दाखवत होते. त्या दोन फूट भिंतीच्या आड, दार लोटून, पलंगावर बसून त्यांना बोलता आलं. यंत्र तेच होतं, इंटरनेट तेच होतं, बोलणारी माणसंही तीच होती. फक्त यंत्र वायरीतून सुटून आतल्या खोलीत गेलं होतं.

२०११ साली आमच्या ग्रीन कार्डाचं काम झालं. परत जायचं की राहायचं हा विषय मी घरी दोन वर्षं टाळत होते. आईने विचारलं की "बघू" म्हणायचं, हे आपल्याला कुणाला शिकवायला नको. एका रविवारी बाबांनी सरळ विचारलं, "तिकडेच राहायचं ठरलंय का? ठरलं असेल तर मला सांग. आईला मी सांगेन. ओव्हर."

मी म्हटलं, "हो बाबा. ठरलंय." आणि लगेच जोडलं, "ओव्हर," कारण त्यापुढे आवाज निघेना.

बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं लाइन गेली. मग आलं, "रॉजर."

मी विचारलं, "म्हणजे तुम्हाला पटलं?"

"रॉजर म्हणजे पटलं नव्हे, बाळ. रॉजर म्हणजे संदेश पूर्ण मिळाला. पटायला वेळ लागेल. पण मिळाला. बाकी पुढच्या रविवारी. ओव्हर."

आईवडिलांशी हे बोलणं आपल्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी करावं लागलंय, किंवा आपण ते न करता निभावून नेलंय. मला त्याहून सच्चं उत्तर मिळालं नसतं. बाबांनी खोटा आशीर्वाद दिला नाही आणि रागही धरला नाही. त्यानंतरही ते दर रविवारी येत राहिले. पटलं की नाही हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये बाबा गेले. पुढच्या वर्षी आईला इकडे आणलं तेव्हा तिने आपल्या बॅगेत साड्यांच्या घडीत हा लॅपटॉप घालून आणला. म्हणाली, "त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं. तिथे ठेवून काय करू?"

तर असा तो परवा आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला. बॅटरी केव्हाच मेलेली, पण अडॅप्टर लावल्यावर यंत्र कुरकुरत उठलं. आतली घड्याळाची सेलही गेलेली, त्यामुळे तारीख भलतीच. चिरंजीव म्हणाले, "हे आपल्या वायफायला कनेक्टच होणार नाही." आमचा राउटर नवा आहे, पण त्याने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि डब्ल्यूपीए२ अजून सोडलेलं नाही. मी परवलीचा शब्द घातला. थोडं थांबलं, आणि तीन रेघा आल्या.

त्यापुढे मात्र काही नाही. एकही पान उघडेना. आजच्या वेबसाइटींची कुलपं या जुन्या ब्राउझरला उघडता येत नाहीत. ज्यावर आम्ही बोलायचो ते स्काइप तर २०२५ च्या मे महिन्यात कायमचं बंद झालं. चिरंजीवांनी रास्त प्रश्न विचारला, "मग कनेक्ट होऊन उपयोग काय?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. यंत्र बंद केलं, अडॅप्टर काढला आणि त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. त्याने कीबोर्ड उचलला, पट्टी काढली. आतलं कार्ड, काळी वायर, करडी वायर. आजच्या लॅपटॉपांत हे कार्ड आणखी लहान असतं, कित्येकांत तर थेट पाटीलाच झाळलेलं, काढता-घालता न येणारं. त्यामुळे त्याने असलं काही कधी पाहिलेलं नव्हतं. मी त्याला काळी वायर हलकेच सोडवायला लावली आणि पुन्हा बसवायला सांगितली. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा टिच असा आवाज आला.

"आवाज यायला हवा," मी म्हटलं. "आवाज आला नाही तर बसली नाही." आणि मग त्याला हे सगळं सांगितलं, जे आता तुम्हाला सांगतेय. कोयनेचं, रॉजरचं, सगळं. तो मराठी समजतो, बोलताना इंग्रजीत घसरतो. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग लॅपटॉप बंद करून स्वतःच खाली घेऊन गेला, आणि मी मुद्दाम जाऊन पाहिलं, तो त्याने टाकायच्या ढिगावर ठेवला नव्हता.

तुमच्याकडेही बेसमेंटमध्ये असं एखादं यंत्र असेल. टाकण्याआधी एकदा उघडून बघा. बॅटरी आधी काढा, स्क्रू मिसळणाच्या डब्यात ठेवा, आणि झाकणातून आलेल्या दोन वायरी कुठे जोडल्या आहेत ते तपासा. कदाचित त्या अजून चिकटपट्टी लावून तशाच पडलेल्या असतील.

आमचं बेसमेंट अर्धंच राहिलं आहे. बाकी पुढच्या वर्षी. ओव्हर.